गिऱ्हाइकाचे मत कोणाच्या वहीत?

गेल्या लगीनसराईतली गोष्ट आहे. शिऊरकडची एक बाई साडीला फॉल-पिको करून घेण्यासाठी आमच्या दुकानी आली. साडी आमच्याकडून घेतलेली नव्हती. फोनवर मागवलेली होती, किंमत आठशे नव्याण्णव आणि पाकिटावर छापले होते ‘येवला पैठणी’. मी पदर उलटा करून पाहिला. मागे कापलेले धागे लोंबत होते. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे सुटे धागे नसतात. हे आपल्या पेशातल्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून मी म्हणालो, “ताई, ही पैठणी नव्हे. यंत्रमागावरची पॉलिस्टर आहे. तुम्ही फसलात.”

बाई हसली. म्हणाली, “चाचा, मला काय ठाऊक नाही व्हय? नऊशे रुपयांत पैठणी कुठं येती? पण फोनवर दोन तास साड्या बघितल्या, कुणी विचारलं नाही की घ्यायचीय का नुसतीच बघायची. तुमच्या दुकानात पाचवी साडी उलगडायला सांगितली की पोऱ्याच्या कपाळावर आठी पडती.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पोऱ्या समोरच उभा होता आणि तो खाली बघत होता.

व्यापारी बांधवांनो, गेली दहा वर्षे आपण चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, मालेगाव-सुरतेच्या प्रवासात एकच वाक्य बोलत आलो आहोत : ऑनलाइनवाल्यांनी धंदा बुडवला. मीही बोललो आहे. परंतु ज्याच्यासाठी हा सारा बाजार मांडला आहे, त्या गिऱ्हाइकाला या कंपन्यांविषयी काय वाटते, हे आपण कधी विचारले काय? आणि त्याने जे मत दिले ते जाते कुठे? आजच्या लेखात एवढ्याच दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

गल्ल्यावरची चौकशी

त्या दिवसानंतर दोन महिने मी येईल त्याला विचारीत गेलो. कागद-पेन्सिल घेऊन केलेली ही पाहणी नव्हे. माप घेताना, बिल करताना, चहा येईपर्यंत केलेली बोलणी होती. शिक्षक होते, शिंपी होते, बांगड्यांचा व्यवसाय करणारे होते, शेतकरी होते, कॉलेजच्या मुली होत्या.

कौतुकाचे मुद्दे बहुतेकांचे सारखेच निघाले. भाव लिहिलेला असतो, घासाघीस करावी लागत नाही. न आवडलेला माल घरबसल्या परत जातो. शंभर नग पाहिले तरी कोणी तोंड वाकडे करीत नाही. बाईमाणसाला दहा पुरुषांसमोर आतल्या कपड्यांचे माप सांगावे लागत नाही. हा शेवटचा मुद्दा मला तीन बायकांनी माझ्या सुनेमार्फत सांगितला, मला थेट सांगितला नाही. यातच सर्व आले.

तक्रारीही सारख्याच. चित्रात एक आणि डब्यात दुसरेच. तक्रार करायची तर पलीकडे माणूस नाही, ठरीव उत्तरे देणारे यंत्र आहे. परत केलेल्या मालाचे पैसे खात्यावर न येता कंपनीच्याच पाकिटात जमा होतात, म्हणजे पुन्हा तिथेच खरेदी करा. एकदा कुकर पाहिला की महिनाभर सगळीकडे कुकरच दिसतो. आणि सर्वांत मोठी तक्रार फोनच्या रिचार्जची. एक शेतकरी म्हणाला, “वर्षाचे महिने बारा, पण या लोकांनी तेरा केले.” त्याचा हिशेब चोख आहे. रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा असतो आणि अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट.

विशेष म्हणजे कौतुक करणारी आणि तक्रार करणारी माणसे वेगळी नाहीत. तोच माणूस दोन्ही करतो. तो कंपनीवर प्रेम करीत नाही आणि आपल्यावर रागही धरीत नाही. त्याला सोय हवी आहे आणि मान हवा आहे. जिथे मिळेल तिथे तो जातो.

फुकटाचा परता

आता या कंपन्यांच्या धंद्याची रीत पाहू. आपण व्यापारी आहोत, आपल्याला परता कळतो. कोणी माल खरेदीपेक्षा कमी भावात विकत असेल, तर तो वेडा आहे किंवा त्याची कमाई दुसरीकडून आहे, हे ओळखण्यासाठी कोणत्याही कॉलेजात जावे लागत नाही.

पहिली रीत आधी तोटा, मग वसुली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. बोलणे फुकट, इंटरनेट फुकट. आधी ३१ डिसेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ मार्च २०१७ पर्यंत. आपल्या वैजापुरातही सिमकार्डासाठी रांगा लागल्या होत्या, मीही रांगेत होतो. फायदा झाला नाही असे मी म्हणणार नाही. खेड्यातल्या पोराच्या हातात इंटरनेट आले ते तेव्हाच. परंतु त्या भावाला टिकणे बाकीच्यांना जमले नाही. एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉरचा इथला धंदा एअरटेलने घेतला, ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आज तीन खासगी आणि एक सरकारी कंपनी उरली. त्यानंतर डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ असे तीनदा दर चढले. रोज दीड जीबीचा, अठ्ठावीस दिवसांचा जिओचा २३९ रुपयांचा रिचार्ज २०२४ साली २९९ चा झाला. एअरटेल आणि व्हीआय यांनीही त्याच आठवड्यात दर वाढवले. दुकाने कमी झाली की भाव चढतो, हा बाजाराचा जुना नियम आहे. यंत्र नवे असले तरी नियम तोच.

दुसरी रीत माल फुकट, गिऱ्हाईकच माल. व्हॉट्सॲप २००९ साली निघाले. काही काळ ते वर्षाला सुमारे एक डॉलर घेत असे. २०१४ साली फेसबुकने ते एकोणीस अब्ज डॉलरला घेण्याचा सौदा जाहीर केला आणि जानेवारी २०१६ मध्ये ती वर्गणीही बंद केली. आता विचार करा, एवढे पैसे देऊन घेतलेले दुकान कोणी फुकट चालवील काय? २०२१ साली व्हॉट्सॲपने नव्या अटी आणल्या आणि त्या न मानण्याचा पर्याय ठेवला नाही. त्या प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. फेसबुक आणि गूगल यांची मुख्य कमाई जाहिरातीची आहे. कोण काय बघतो, कुठे थांबतो, काय विचारतो, हे जाणून त्याच्यासमोर नेमकी जाहिरात ठेवणे हाच त्यांचा धंदा आहे.

तिसरी रीत बाजार भरवण्याची. जागा आमची, माल तुमचा. ॲमेझॉन आपल्या देशात जून २०१३ मध्ये आले. फ्लिपकार्ट २००७ पासून होते, २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने त्यातला सुमारे ७७ टक्के हिस्सा सोळा अब्ज डॉलरला घेतला. परदेशी भांडवल असलेल्या अशा कंपनीने स्वतःचा माल ठेवून विकायचा नाही, फक्त बाजार भरवायचा, असा आपल्याकडे नियम आहे आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून तो अधिक कडक झाला. २०१५ साली निघालेल्या मीशोने तर २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशनच न घेण्याचे जाहीर केले. मग ती कमावते कुठून? माल पोहोचवण्याच्या आकारातून आणि जाहिरातीतून. म्हणजे दुकानाचे भाडे नाही, परंतु रस्त्याचा टोल आहे आणि माल पुढच्या फळीवर मांडायचा तर त्याचे वेगळे पैसे आहेत. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, त्यामुळे टोल म्हणजे काय हे वैजापूरकरांना वेगळे समजावून सांगायला नको.

या रीती लबाडीच्याच आहेत असे मी म्हणत नाही. धंदा आहे, कमाई करणारच. परंतु गिऱ्हाइकाला आणि विक्रेत्याला दोघांनाही ती कमाई कुठून होते हे कळले पाहिजे. आपल्या आडत बाजारात आडत्या आपली आडत पट्टीवर लिहून देतो. तशी पट्टी इथे कुणी देत नाही.

वही बदलली

माझे वडील या दुकानात चाळीस वर्षे बसले. बस्ता बांधायला कुटुंब आले की ते चहा मागवत आणि विचारत, “थोरलीच्या लग्नाला जांभळी नेली होती ना? यंदा काय काढू?” कोणत्या घरात नऊवार लागते, कोणत्या गावात कोणता रंग चालत नाही, कोणाची उधारी दिवाळीला येते आणि कोणाची कापूस विकल्यावर, हे सगळे त्यांच्या डोक्यात होते. खतावणीत फक्त आकडे होते. खरी वही त्यांच्या कानात होती. गिऱ्हाईक बोलत असे आणि ते ऐकत असत. कपडा आटला, रंग गेला, तर बाई भर बाजारात येऊन बोले. ते बोलणेही वहीत जाई आणि पुढच्या फेरीला त्या गिरणीचा ताका दुकानात येत नसे.

ती वही आता कंपनीच्या हातात गेली आहे. गिऱ्हाईक काय पाहते, किती वेळ पाहते, काय परत करते, किती तारे देते, सगळे तिथे लिहिले जाते. आपल्याला वाटते कंपनी साड्या विकते. साडी आज आहे, उद्या नाही. तिची खरी पुंजी म्हणजे ही वही.

आणि वही ज्याच्या हाती, बाजार त्याच्या हाती. ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉयटर या वृत्तसंस्थेने ॲमेझॉनच्या आतल्या कागदपत्रांच्या आधारे वृत्त दिले की, भारतात इतरांच्या चांगल्या खपणाऱ्या वस्तू पाहून त्यांसारख्या स्वतःच्या नावाच्या वस्तू काढल्या गेल्या आणि शोधात त्या वर दिसतील अशी सोय केली गेली. कंपनीने हे नाकारले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच संस्थेने दिलेल्या वृत्तानुसार, २०१९ च्या सुरुवातीला चार लाखांहून अधिक विक्रेत्यांपैकी अवघ्या ३५ जणांकडून सुमारे दोन तृतीयांश विक्री होत होती. आपल्या स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश जानेवारी २०२० मध्येच दिला होता. युरोपात हाच प्रश्न उठला तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनने तिथल्या आयोगाला लेखी वचन दिले की, विक्रेत्यांची खासगी माहिती आम्ही आमच्या स्वतःच्या विक्रीसाठी वापरणार नाही. जे वचन तिथल्या विक्रेत्याला मिळते, ते इथल्या विक्रेत्याला का मिळू नये, हा साधा प्रश्न आहे.

ताऱ्यांची पुंजी

घरची एक गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या मुलाने २०२२ साली एका मोठ्या ॲपवर ड्रेस मटेरियल ठेवले. नाव घेत नाही, कारण एकाचे नाव घेऊन दुसऱ्याला सोडणे बरोबर नाही. सुरुवात चांगली झाली. दोन वर्षांत चारशेहून अधिक लोकांनी चांगले शेरे लिहिले, पाचापैकी साडेचार तारे झाले. पोरगा रात्री जेवताना तारे मोजत असे. मग परतीचा माल येऊ लागला. एकदा तर अत्तराचा वास येणारा, घालून धुतलेला ड्रेस परत आला आणि जाण्या-येण्याचे भाडे आमच्याच खात्यातून कापले गेले. तक्रार केली, ठरीव उत्तर आले. कराराची कलमे इंग्रजीत होती. मी उर्दू शाळेत शिकलेला, पोरगा इंग्रजी शिकलेला. त्यालाही ती तीनदा वाचूनच कळली आणि कळल्यावर असे दिसले की आम्ही सगळ्याला आधीच होकार दिलेला आहे.

मी म्हणालो, “ते दुकान सोड, दुसऱ्या ॲपवर जा.” तो म्हणाला, “अब्बा, माल नेता येईल, तारे नेता येणार नाहीत. तिथे मी पुन्हा शून्य.”

मला हे वाक्य फार लागले. चारशे गिऱ्हाइकांचे चांगले मत आमच्या मालामुळे, आमच्या मेहनतीने मिळाले. परंतु ते आमचे नाही. वडिलांनी दुकान जुन्या बाजारातून नव्या जागी आणले तेव्हा नाव त्यांच्याबरोबर आले, गिऱ्हाईक विचारत विचारत मागे आले. इथे नावच गहाण पडले आहे.

आता पाहा, २०११ च्या जानेवारीपासून देशभर मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. आधी कंपन्यांना ते नको होते. नंबर बदलण्याच्या भीतीने गिऱ्हाईक बांधलेले राहावे, ही त्यांची सोय होती. सरकारने ती गाठ सोडवली. म्हणूनच जुलै २०२४ मध्ये दर वाढल्यावर लाखो लोक नंबरासह बीएसएनएलकडे जाऊ शकले. वर्षअखेरीस तो ओघ उलटला, कारण सेवा पुरी पडली नाही. परंतु जाण्याची वाट तरी होती. माझे म्हणणे असे की, नंबर जसा नेता येतो तसा विक्रेत्याचा नावलौकिकही नेता आला पाहिजे. कोणत्या मालाला किती लोकांनी काय मत दिले, याचा दाखला विक्रेत्याला मिळावा आणि दुसऱ्या बाजारात तो ग्राह्य धरावा. सरकारच्या प्रोत्साहनाने निघालेल्या ओएनडीसीमध्ये एका ॲपवरच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या ॲपवरच्या विक्रेत्याचा माल घेता येतो. बाजार जोडता येतात, तर नाव का नेता येऊ नये? व्यापारी संघटनांनी मागणी करायची असेल तर ‘ऑनलाइन बंद करा’ ही न करता ही करावी. बंद काही होणार नाही.

तोंडी तक्रार, तोंडी उधारी

आपली एक सवय आहे, बोलून मोकळे होण्याची. परंतु तोंडी उधारी आणि तोंडी तक्रार, दोन्ही बुडीत खात्यात जातात. लिहिलेली तक्रार मात्र वसूल होते, याचे पुरावे आहेत.

२०१५ च्या फेब्रुवारीत फेसबुकने इथल्या एका मोबाइल कंपनीच्या साथीने महाराष्ट्रासह काही राज्यांत अशी योजना आणली की ठरावीक संकेतस्थळे फुकट, बाकीची पैसे देऊन. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. म्हणजे मंडईत जाण्याचा रस्ता फुकट, परंतु तो चार ठरलेल्या दुकानांवरून जाणार. त्याच सुमारास दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेटच्या अशाच प्रश्नांवर लोकांची मते मागवली. दहा लाखांहून अधिक लोकांनी ईमेल पाठवले. त्या गदारोळात फ्लिपकार्टनेही एप्रिल २०१५ मध्ये एअरटेलच्या तशाच योजनेतून अंग काढून घेतले. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने आदेश काढला की इंटरनेटवरच्या मजकुरानुसार वेगवेगळा दर लावता येणार नाही. जगातल्या एका बलाढ्य कंपनीला माघार घ्यावी लागली, कारण लोकांनी लिहिले.

अठ्ठावीस दिवसांच्या रिचार्जचेही तसेच. ग्राहकांच्या तक्रारी गेल्या तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने सांगितले की प्रत्येक कंपनीने निदान एक रिचार्ज तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला करता येण्याजोगा ठेवावा. त्या शेतकऱ्याला मी हे सांगितले तेव्हा तो चकित झाला. दुकानदार त्याला ते दाखवत नाही आणि तो मागत नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर ग्राहकाच्या मताचा इतिहास जुना आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिथे शेजारपाजारची कुटुंबे गट करून महिन्याचे सामान एकत्र मागवू लागली. देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला तो १९८६ साली, म्हणजे त्यानंतर अकरा-बारा वर्षांनी. तेव्हा व्यापारी त्या लोकांवर चिडत असत. आज विचार केला तर वाटते, गिऱ्हाइकाची वही गिऱ्हाइकाच्याच हातात ठेवण्याचा तो मार्ग होता.

आजचे नियमही कमकुवत नाहीत. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच आठवड्यात ऑनलाइन व्यापाराचे नियम आले. त्यानुसार कंपनीने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचा निकाल लावला पाहिजे. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालावर शेरे लिहिणे मना आहे. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला तर परत घेण्यास नकार देता येत नाही. मग पॉलिस्टरवर ‘येवला पैठणी’ छापणारा यात बसतो की नाही? पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. येवला आपल्या शेजारी, पैठण आपल्या जिल्ह्यात, आणि आपणच त्या नावाची लूट बघत बसलो आहोत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो दुकानात लिहून ठेवा.

आपल्या दुकानात डोकावू या

आता कटू बोलतो, वाचकांनी राग मानू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने ऑनलाइन कंपन्यांच्या तेरा फसव्या युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. त्यातली एक खोटी घाई : ‘फक्त दोन नग शिल्लक’. मी ती यादी वाचली आणि मला माझाच आवाज ऐकू आला : “ताई, शेवटचाच नग आहे, संध्याकाळी राहणार नाही.” आत गठाण भरलेली असते. दुसरी युक्ती, दाखवायचे एक आणि द्यायचे दुसरे. हीसुद्धा इंटरनेटने शोधून काढलेली नाही.

बिल न देणे ही २०१९ च्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. आणि आपल्यापैकी किती दुकानांत आजही पाटी आहे : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’? माझ्या दुकानात ती तीस वर्षे होती. मराठी ओळ पेंटरने लिहिली, खालची उर्दू ओळ मी स्वतः मोठ्या हौसेने लिहिली होती. अक्षर सुंदर होते, मजकूर चुकीचा होता.

म्हणून थोडक्यात काही सूचना करतो. प्रत्येक नगावर भाव लिहा आणि तोच घ्या. रेशीम की पॉलिस्टर, हातमाग की यंत्रमाग, हे बिलावर लिहा. पैठणी, हिमरू, मश्रू विकणाऱ्यांनी तर जरूर लिहावे, कारण खरेपणा हाच त्यांचा माल आहे. अदलाबदलीची मुदत ठरवा आणि ती पाळा. दुकानात बायकांसाठी एक आडोसा आणि एक बाई ठेवा. पोऱ्याला सांगा की पन्नासावी साडीही हसून उलगडायची. गिऱ्हाइकाची आवड आणि तक्रार वहीत लिहा, मुलाला फोनमध्ये लिहायची असेल तर तिथे लिहू द्या. परंतु गिऱ्हाइकाला विचारून लिहा आणि ती वही विकू नका.

कारागीर बांधवांनी आणखी एक लक्षात ठेवावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, जीएसटीच्या मर्यादेखालील लहान विक्रेत्यालाही नोंदणीशिवाय, काही अटींवर, आपल्या राज्याच्या हद्दीत ऑनलाइन माल विकता येतो. जरूर विका. परंतु पार्सलात आपले नाव-पत्ता असलेले बिल घाला आणि करार कोणाकडून तरी वाचून, समजून घेऊन मगच होकार द्या. एका ॲपवर निम्म्याहून जास्त धंदा अवलंबून ठेवू नका. एकाच गिऱ्हाइकाला निम्मा माल उधार द्यायचा नाही, हे आपल्या वडिलांनी शिकवलेच आहे.

माझ्या मुलाने ते ॲप सोडले नाही. चारशे माणसांचे मत तिथे अडकले आहे, ते टाकून येणे त्याला जमत नाही आणि मी आग्रहही करीत नाही. मी माझ्याकडून एवढेच केले की ती पाटी उतरवली. गेल्या चार महिन्यांत अकरा नग परत आले. त्यातले दोन घालून आणलेले होते, ते समजूनही घेतले. नुकसान झाले, नाही असे नाही. परंतु नवी पाटी लावली आहे : ‘पंधरा दिवसांत बदलून मिळेल. बिल आणावे.’ खाली उर्दूत तेच आहे, पुन्हा माझ्याच हाताने लिहिलेले.

शिऊरची ती बाई दिवाळीला पुन्हा आली होती. फॉल-पिकोलाच आली होती, साडी फोनवरचीच होती. परंतु या वेळी जाताना तिने भिंतीवरची पाटी वाचली आणि मुलीसाठी दोन ड्रेस काढायला सांगितले. पोऱ्याने नऊ उलगडले. मी मोजत होतो.